आपल्याच माणसाला गोळी लागते

एटूने आधीच बजावलं होतं,
मावशी, यात आपल्याच माणसाला गोळी लागते,
जरा बघून.

मी बासष्ट वर्षांची. केमीत अठ्ठावीस वर्षं बस चालवली,
बर्फात, काळोखात, दारुड्यांसकट.
एक रेनडिअर सोडला तर कुणाला धक्का लागू दिला नाही.
आणि आता हातात हे बटणांचं खेकडं,
कानांवर घट्ट हेडफोन,
पडद्यावर मी,
म्हणजे दोन हात. नुसते हात.
खाली वाकून पाहिलं तर पाय नाहीत.
भुतांचा खेळ म्हणे,
मग भूत तर मीच.

पहिली दहा मिनिटं मी छताशी लढले.
नंतर एका भिंतीशी.
नंतर कोपऱ्यात तोंड करून उभी, शिक्षा झाल्यासारखी,
आणि मागून सगळ्यांचा ओरडा, वळ, वळ, वळ.
वळायला मला आजवर कुणी शिकवलं नव्हतं.

चौघं लागतात. एटू, त्याची ओउलूची मैत्रीण मिर्वा, मी,
आणि चौथा कोण ते एटू सांगेना.
आहे एक ओळखीचा, म्हणाला.

ओळखीचा खरा. खोकला ओळखीचा.
आधी दोन बारीक, मग एक खोल, विहिरीत बादली पडावी तसा.
ताइस्तो. माझा सख्खा भाऊ.
अकरा वर्षांपूर्वी वडिलांच्या बोटीच्या इंजिनावरून
तो माझ्याशी बोलायचा थांबला.
किंवा मी थांबले.
दुकानात दुधाच्या फ्रिजपाशी समोरासमोर आलो
की दोघंही डब्यावरची तारीख वाचत बसतो.

मेलेले धावत येतात. हे मला ठाऊक नव्हतं.
वाटलं होतं पाय ओढत येतील,
नोव्हेंबरातल्या पहाटेच्या पहिल्या बसला येतात तसे,
खिसे चाचपत.
हे तर कुंपणावरून, गटारातून, पत्र्यांवरून,
शेवटची बस सुटत असल्यासारखे.
एकाच्या अंगात आमच्या डेपोसारखं निळं जाकीट होतं.
त्याच्यावर मी नाही झाडली.
एटूने झाडली.

मग चिखलातून काहीतरी उठलं
आणि मला मिठी मारून बसलं.
नियम असा की या मिठीतून आपलं आपल्याला सुटता येत नाही.
कितीही बटणं बडवा.
दुसऱ्या कुणीतरी यावं लागतं.

एटू पुलापलीकडे. मिर्वा आडवी.
पडद्याच्या कडा लाल होत आत आत येताहेत,
आणि कानात, अगदी पाळीशी,
अकरा वर्षांनंतरचा पहिला शब्द:

"वाक."

वाकले.
बार उडाला. मिठी सुटली.
मलाही लागली, अर्थात, खांद्यात.
ताइस्तोचा नेम लहानपणापासून असाच,
डबा ठेवला की खिडकी फुटायची.

"लागलं?"
"लागलं."

त्याने माझ्यासमोर गुडघा टेकला.
त्याला गुडघे होते. बूट होते, एकाची नाडी सुटलेली.
तेव्हा कळलं,
मला माझे नुसते हात दिसतात,
पायांसकट अख्खी मी
त्यालाच दिसत असणार.

त्याच्याकडे औषधाची एकच पेटी होती.
ती उघडून तो मला पट्टी बांधत बसला.
हिरवी रेघ सरकत होती, पाच सेकंद, हळूहळू.
इंजिनाचं मी काही बोलले नाही.
तोही नाही.

शेवटी एक खोली, लोखंडी दाराची.
दार मी ओढलं, मुक्कामाला हँडब्रेक ओढायचे तसं,
कर्र आवाज येईपर्यंत.
बाहेर खरी केमी. दुपारी तीनपासून पडलेली रात्र.
बर्फ लोटणारी गाडी पिवळा दिवा फिरवत
कुणाच्या तरी फाटकापुढे ढीग लावत होती.

"उद्या?" एटूने विचारलं.

बराच वेळ खोकला.
"उद्या दातांचा डॉक्टर आहे," ताइस्तो म्हणाला. "आठनंतर."
आणि मग, माइक चालू आहे हे विसरून बहुतेक,
"ती अजून वळताना डावीकडे बघत नाही."

साफ खोटं.
बघते मी.